युक्ताहार आणि घरातील लेकरे



श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत अर्जुनास ध्यानयोग सांगत आहेत. आसन कोठे मांडावे, दृष्टी कोठे ठेवावी, मन कसे आवरावे, असा तो गहन विषय चालला असताना सोळाव्या व सतराव्या श्लोकांत ते एकाएकी जेवणाखाण्याची गोष्ट काढतात. जो अतोनात खातो त्यास योग साधत नाही आणि जो मुळीच खात नाही त्यासही साधत नाही. फार झोपणारा व सदा जागणारा या दोघांचीही तीच गत होते, असा त्या वचनांचा भावार्थ आहे. प्रवचनांतून यातील अति खाणाऱ्याची कानउघाडणी आपण पुष्कळ वेळा ऐकतो. न खाणाऱ्याविषयी भगवंतांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले आहे, ते मात्र बहुधा घाईने वाचून पुढे जाण्याची रीत पडली आहे. आणखी असे की, त्या ठिकाणी केवळ आहार सांगितलेला नाही. आहार, विहार, कर्म, निद्रा व जागृती या सर्वांना एकच ‘युक्त’ हे विशेषण लावले आहे. आज एखादा बालरोगतज्ज्ञ मुलाच्या वजनाविषयी आईबापांशी बोलू लागला, तर तो नेमक्या याच गोष्टी विचारतो. मूल काय खाते, किती खेळते, केव्हा निजते.

हा विषय आम्ही या अंकी मुद्दाम घेतला आहे. मंदिरात येणाऱ्या माताभगिनी आरतीनंतर ओसरीवर बसतात तेव्हा दोन प्रकारचे बोलणे आमच्या कानी पडते. एक म्हणते, “आमचा बाळ्या काही केल्या अंगाला धरत नाही.” दुसरी म्हणते, “आमचीला अकरावे लागले नाही तोच मोठ्या बायकांचे कपडे आणावे लागतात.” कधी कधी या दोघी एकाच घरातील जावा असतात, आणि दोन्ही लेकरे एकाच चुलीवरचे अन्न खातात. तेव्हा गीतेतील ‘युक्त’ हा शब्द आपल्या घरातील ताटांपर्यंत कसा आणावा, याचा विचार करणे हेही धर्मकार्यच होय, असे आम्हांस वाटते.

अर्जुन हा प्रौढ पुरुष होता, आपल्या ताटात काय वाढून घ्यावे हे त्याचे त्यास ठरविता येत होते. आठ वर्षांच्या मुलाचे तसे नसते. डब्यात काय भरावे, फडताळात काय आणून ठेवावे, संध्याकाळी अंगणात जावे की भिंतीवरच्या पडद्यासमोर बसावे, यांतील एकही गोष्ट त्याच्या हाती नाही. म्हणून मुलाच्या बाबतीत युक्ताहाराचे व्रत मुलाने घ्यावयाचे नसून घराने घ्यावयाचे असते. वजन वाढले म्हणून एकट्या मुलाच्या पानातील तूप काढून घ्यावयाचे आणि त्याच पंक्तीला बाकीच्यांनी जिलबीवर ताव मारावयाचा, हा युक्ताहार नव्हे; ती त्या लेकराला दिलेली शिक्षा आहे.

तथापि आपल्या या भागात ताटभर वाढण्याला जो मान आहे तो अकारण नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. ज्या बीदर शहरात आपल्यापैकी कित्येकांचे कामधंद्यानिमित्त येणेजाणे असते, त्याच बीदरच्या पातशहाच्या अमलाखाली मंगळवेढ्याचे ठाणे सांभाळणारे दामाजीपंत होते. दुर्गादेवीचा म्हणून जो भीषण दुष्काळ सांगतात त्या काळात त्यांनी सरकारी धान्याची पेवे उपाशी रयतेसाठी खुली केली. त्या धान्याची किंमत भरण्यासाठी प्रत्यक्ष पंढरीराया विठू नावाच्या सेवकाचे रूप घेऊन बीदरच्या दरबारी गेला, ही कथा महिपतीबुवांनी १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त सांगितली आहे. ज्या मातीत अशी कथा रुजली, तेथे भुकेल्याच्या मुखी घास घालण्याहून थोर पुण्य नाही असे लोकांनी मानले तर नवल काय? बाराव्या शतकात बसवकल्याण येथे शरणांनी दासोहाची परंपरा चालविली; हुमनाबादजवळ माणिकनगरास माणिकप्रभूंच्या संस्थानात अन्नदान चालत आले. आणि फार मागे कशाला जावयास हवे? १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ती माणसे अद्याप आपल्यात आहेत. सीमेपलीकडे मराठवाड्यात खडी फोडून सुकडी आणि मिलो खाल्लेले आजोबा नातवाच्या गालावरची गुबगुबी पाहून डोळे पुसतात. त्यांना ‘मुलाचे वजन अधिक आहे’ असे कोणी सांगितले तर त्यांना ते अशुभ बोलणे वाटते. दुष्काळात अंगावरचे मांस हीच शिल्लक होती, हे त्यांनी स्वतः अनुभवलेले आहे. त्यांना हसू नये.

आता आजची स्थिती पाहू. केंद्र शासनाने २०१६ ते २०१८ या काळात देशभर मुलांच्या पोषणाची पाहणी केली. तीत १० ते १९ वर्षांच्या मुलांपैकी २४ टक्के मुले वयाच्या मानाने कृश आढळली, तर ५ टक्के प्रमाणाबाहेर वजनाची. त्याच पाहणीत शाळकरी वयाच्या व त्याहून थोरल्या मुलांपैकी सुमारे दहांत एकाच्या रक्तात साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर पोहोचलेली दिसली. म्हणजे कृश मुले पाचपट आहेत हे खरे. परंतु दुसऱ्या टोकाची वाढ विलक्षण वेगाची आहे. जगातील अनेक संशोधकांनी मिळून २०२४ साली जी गणना प्रसिद्ध केली तीप्रमाणे भारतातील ५ ते १९ वर्षांच्या अतिस्थूल मुलामुलींची संख्या १९९० साली चार लाखांच्या आसपास होती, ती २०२२ साली सव्वा कोटीवर गेली. संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीने २०२५ च्या सप्टेंबरात सांगितले की, या वयाच्या मुलांत जगभरात अतिस्थूलांचे प्रमाण ९.४ टक्के झाले असून कमी वजनाच्यांचे ९.२ टक्के आहे. मानवाच्या इतिहासात हे असे प्रथमच घडले आहे.

आपल्या बीदर-कलबुर्गीकडे अजून पारडे पहिल्याच बाजूला झुकलेले आहे, हे विसरून चालणार नाही. कर्नाटक शासनाने शाळेतील दुपारच्या जेवणाची योजना २००२ साली प्रथम राज्याच्या ईशान्येकडील आपल्या जिल्ह्यांत सुरू केली आणि तिला ‘अक्षर दासोह’ असे नाव दिले. दासोह हा कल्याणच्या शरणांचाच शब्द. पुढे २०२१ च्या डिसेंबरात शाळेतील मुलांना अंडे किंवा केळे देण्याचा आरंभही याच भागातून झाला, कारण येथील मुलांची वाढ खुंटण्याचे व रक्तक्षयाचे प्रमाण अधिक होते. अंडे की केळे हा ज्याच्या त्याच्या घराच्या आचाराचा प्रश्न आहे. त्या वादात पडण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. जी कुटुंबे अंडे घेत नाहीत त्यांनी डाळ, दूध, ताक, शेंगदाणे आणि मोड आलेली कडधान्ये यांची वाण पडू देऊ नये, एवढेच म्हणतो. तुरीचे कोठार म्हणून ज्या कलबुर्गीचे नाव देशभर घेतले जाते आणि जेथील तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले, तेथील लेकराच्या आमटीत डाळ शोधावी लागू नये.

येथे पुण्यातील एका अभ्यासाची हकीकत सांगणे आवश्यक वाटते, कारण ‘माझे मूल तर बारीक आहे, त्याला हे कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर तीत आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रिया आणि त्यांची बालके यांचा दीर्घ अभ्यास आरंभिला. त्या बालकांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन गावच्या बालकांचे ३.५ किलो. आपली बालके लहान असणार हे कोणीही सांगितले असते. परंतु मोजमाप केले तेव्हा असे दिसले की, या लहानग्या देहांत स्नायू फार कमी, आणि चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली आहे. वरून कृश, आतून स्थूल, असे ते रूप. पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक यांनी स्वतःचे आणि युडकिन नावाच्या इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र एका वैद्यकीय नियतकालिकात छापले. दोघांचा उंचीच्या मानाने वजनाचा अंक अगदी सारखा, २२.३, पण इंग्रज गृहस्थांच्या देहात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के. दोघे शेजारी उभे राहिले तर कोणासही संशय येऊ नये!

या हकीकतीतून आम्ही असे समजतो की, केवळ डोळ्यांनी पाहून ‘बारीक’ किंवा ‘अंगाने भरलेला’ असा निर्णय देणे व्यर्थ आहे. जन्मतः लहान असलेल्या बाळास ‘लवकर अंगाला धरावे’ म्हणून साखर, बिस्किटे, तळलेले पदार्थ यांचा भडिमार केला तर त्याच्या अंगावर मांस चढण्याऐवजी चरबीच चढते, आणि तरुणपणीच मधुमेह दारी येण्याचा संभव वाढतो. त्याच खेड्यांत आणखी एक गोष्ट दिसून आली. ज्या गर्भवती स्त्रियांच्या आहारात पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा होते त्यांची बालके अधिक भरदार निपजली. आपल्या कित्येक घरांत अद्यापि सून सर्वांच्या मागून जेवते. तिच्या वाट्यास भाकरी उरते, भाजी उरत नाही. नातवाच्या आरोग्यासाठी नवस बोलणाऱ्या सासूबाईंनी गर्भवती सुनेचे पान आपल्या पानाशेजारी मांडून घ्यावे. नातवाच्या वजनाचा आरंभ तेथून होतो.

यावर एक रसिक गृहस्थ आम्हांस म्हणाले, “मग गोकुळात श्रीकृष्ण लोण्यावर वाढला त्याचे काय?” प्रश्न गमतीचा आहे, पण उत्तर सोपे आहे. तो गोपाळ सूर्योदयाबरोबर गाई घेऊन रानात जात असे आणि दिवेलागणीस परत येत असे. यमुनेच्या काठी खेळावे, झाडांवर चढावे, डोहात उड्या माराव्यात, असा त्याचा दिवस. त्याच्या लोण्याचा हिशेब मांडताना त्याच्या पावलांचा हिशेब सोडून कसे चालेल? शिवाय गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र करून तो जो काला करी, त्याची आठवण म्हणून आपण गोकुळाष्टमीस ज्वारीच्या लाह्या, दही, डाळ, फळांच्या फोडी असे पदार्थ कालवतो. तो काला आजच्या आहारशास्त्राच्या कसोटीसही उतरेल. आपल्या मुलांनी लोणी तेवढे घेतले आणि गाई सोडल्या, अशी आज स्थिती आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज निदान एक तास, धाप लागेल व घाम येईल असे खेळावे, असे सांगितले आहे. खेड्यातील मुलगा पूर्वी हे न मोजता करीत असे. आता शाळेची गाडी दाराशी येते, शिकवणी संध्याकाळ खाते, आणि उरलेला वेळ हातातील मोबाइल घेतो. मुलींचे तर याहून कठीण. बारा-तेरा वर्षांची झाली की ‘आता मोठी झालीस’ म्हणून तिचा खेळ बंद होतो; अंगणातून ती स्वयंपाकघरात जाते. पंचमीला झाडांना बांधलेल्या झोक्यांवर उंच उंच जाणाऱ्या, मंगळागौरीस रात्रभर फुगड्या-झिम्मा घालणाऱ्या आपल्या आज्या लेकुरवाळ्या होईपर्यंत खेळत होत्या. हे खेळ धर्मानेच दिले होते. वर्षातील दोन दिवसांपुरते ते का राहावेत? औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत मुलांप्रमाणे मुलींनाही सूर्यनमस्कार घालावयास लावले. आपल्या मंदिराचे प्रांगण सायंकाळी पाच ते सात रिकामेच असते. तेथे मुलींनी लंगडी, खो-खो, लेझीम खेळावे, आणि एखाद-दोन काकूंनी कट्ट्यावर बसून लक्ष ठेवावे. देवाला गलबल्याचा त्रास होतो असे आम्हांस तरी वाटत नाही.

आता प्रसादाविषयी. हे लिहिणे थोडे नाजूक आहे, परंतु मंदिराच्या पत्रिकेने ते टाळणे बरे दिसणार नाही. सत्यनारायणाचा शिरा सव्वाच्या मापाने करितात. रवा, तूप, साखर ही सारख्या मापाने पडतात. ज्यांनी हे माप ठरविले त्यांनी प्रसाद देण्याची रीतही ठरविली होती. तो उजव्या तळहातावर मावेल एवढाच घ्यावयाचा, तीर्थ पळीभर, प्रसाद मुठीएवढाही नाही. पानभर शिरा वाढून घेणे आणि त्यावर पुन्हा मागणे ही रीत अलीकडची. नैवेद्य गोड असावा हे खरे, पण पोट भरण्यासाठी तो नसतो. श्रावणातील शुक्रवारी आपण जिची पूजा करितो ती जिवती तर लेकरांचीच देवता. तिच्या चित्रात मुले मांडीवर, खांद्यावर खेळत असतात. तिला आपण गूळ-फुटाणे दाखवितो. लेकरांच्या दीर्घायुष्याच्या देवतेसाठी पूर्वजांनी हरभरा निवडला, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते. तेव्हा आमची कार्यकारी मंडळास नम्र विनंती आहे की, दर गुरुवारच्या आरतीस मुलांच्या हाती पेढा व बुंदी देण्याऐवजी फुटाणे, शेंगदाणे, केळे किंवा ऋतूप्रमाणे पेरू, बोरे, सीताफळ द्यावे. सणावारी शिरा आहेच.

उपवासाचेही तसेच. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपणच आपल्यावर केलेली थट्टा आहे. साबुदाणा, तळलेला बटाटा आणि साखर घातलेले दूध दिवसभर खाऊन शरीरास विश्रांती मिळत नाही. याच्या उलट टोकाचाही प्रकार आता दिसू लागला आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या काही मुली ‘माझा सोमवार आहे’, ‘माझा गुरुवार आहे’ असे सांगून आठवड्यातील तीन-चार दिवस निरंकार राहतात. कारण पुढे करतात व्रताचे. खरे कारण आरशातील रूप हे असते. २०१९ ते २०२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. अशा मुलीने उपाशी राहणे भगवंतास मान्य नाही, हे सहाव्या अध्यायाच्या आधारे आम्ही निःशंकपणे सांगतो. आईने अशा वेळी रागे भरू नये. शेजारी बसून, ‘तुला काय सलते आहे?’ एवढे विचारावे. आणि हे उपवास थांबेनात तर वैद्यास दाखविण्यास उशीर करू नये.

गाणगापूरची माधुकरी आपणांपैकी बहुतेकांनी मागितली असेल. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान करून दुपारी निदान पाच घरी झोळी पुढे करावयाची, आणि जे पडेल ते प्रसाद म्हणून घ्यावयाचे. श्रीदत्तगुरू आजही कोणत्या तरी रूपाने तेथे भिक्षेस येतात अशी श्रद्धा आहे. मधुकर म्हणजे भुंगा; तो एका फुलावर तुटून पडत नाही, अनेक फुलांतून थोडे थोडे घेतो. एका घरची भाकरी, दुसऱ्या घरची आमटी, तिसऱ्या घरचा भात, कोठे अंबाडीची भाजी, कोठे कारळ्याची चटणी, असे झोळीत जमते. थोडे, पण नाना प्रकारचे. मुलांच्या ताटाकडे याच दृष्टीने पाहावे. ज्वारीची भाकरी, तुरीची आमटी, पालेभाजी, जवसाची किंवा शेंगदाण्याची चटणी, ताक, कांदा हे आपले रोजचे गरिबाचे जेवण. त्यास आता शहरातील उपाहारगृहे मोठी किंमत लावून विकू लागली आहेत! संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे म्हणून पाळले. आमच्या घरांतून मात्र त्याच ज्वारीला मैद्याच्या नूडल्सने हाकलून दिले.

साखरेचे पेय हा एक निराळाच शत्रू आहे. बाटलीतून विकल्या जाणाऱ्या अनेक गोड सोडापेयांत दर १०० मिलिलिटरला सुमारे १० ग्रॅम साखर असते. म्हणजे पाव लिटरच्या एका बाटलीत पाच-सहा चमचे. वरची साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या एक दशांशाहून कमी असावी, शक्यतो त्याच्याही निम्मी, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. लहान मुलाच्या आहाराचा हिशेब केला तर त्या निम्म्या मापाने ती सुमारे १९ ग्रॅम भरते. एक बाटली पोटात गेली की दिवसाचे माप ओलांडले, आणि भूक तर शमलीच नाही. पाहुण्यासमोर पूर्वी गूळ-पाणी येई, उन्हाळ्यात पन्हे किंवा ताक येई. आज मोठी बाटली फोडली नाही तर यजमानास कमीपणा वाटतो. हा कमीपणा आपण मंदिराच्या सभासदांनी मिळून मोडावयाचा ठरविला तर कोण आडवा येणार आहे? शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत अति मेद, मीठ व साखर असलेले पदार्थ विकू नयेत असा नियम केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली केला. आपापल्या गावच्या शाळेसमोर उभे राहून पन्नास मीटर मोजून पाहावेत. दुकानदार आपलेच असतात. भांडण न करिता त्यांना उकडलेल्या शेंगा व फुटाणे ठेवावयास सांगता येते.

आता सर्वांत महत्त्वाचे जे सांगावयाचे ते. चरकाचार्यांनी अतिस्थूल व अतिकृश या दोघांची गणना एकाच अध्यायात, आठ निंद्य देहप्रकारांत केली आहे. तेथील निंदा ही वैद्याची आहे, देहाच्या अवस्थेविषयी आहे; माणसाविषयी नाही. आपण मात्र लग्नकार्यात, मुंजीत, पंगतीत, चारचौघांसमोर मुलाच्या पोटावर थाप मारून ‘काय रे भोपळ्या’ म्हणतो, आणि बारीक मुलीस ‘कडब्याची पेंढी’. मामा बोलतो, आत्या बोलते, कधी मास्तर बोलतात. सर्व हसतात, मूलही हसते. रात्री ते अंथरुणात काय करते, हे त्याच्या आईस ठाऊक असते. ज्या मुलांना वजनावरून चिडविले जाते त्यांचे वजन पुढे घटण्याऐवजी वाढतच जाते, असे या विषयाच्या अभ्यासकांना आढळून आले आहे. कारण लाजेने मूल मैदानावर जात नाही, आणि दुःखात चोरून खाते. आम्ही तर असे म्हणू की, लेकराच्या देहात जो आत्माराम आहे त्याचा हा उपहास आहे. मंदिराच्या उंबऱ्याच्या आत तरी कोणाच्याही मुलाच्या देहावर बोलू नये. हा दंडक आजपासूनच पाळावा.

मग घराने करावे काय? काय शिजवावे आणि किती वाजता पान मांडावे हे थोरांनी ठरवावे. किती खावे हे मुलाच्या भुकेवर सोडावे. ‘पान रिकामे केल्याशिवाय उठायचे नाही’ हा आग्रह सोडून थोडे वाढावे, हवे तर पुन्हा वाढावे. यात अन्नाचा मानही राहतो आणि ते वायाही जात नाही. वाग्भटांनी उदराचे चार भाग कल्पून दोन अन्नास, एक पाण्यास दिला आणि एक वायूसाठी मोकळा सोडावयास सांगितले आहे. मुलाला हे गणित शिकवावे लागत नाही, आपण बळेच भरविले नाही तर ते त्याला उपजतच कळते. अभ्यास केला म्हणून चॉकलेट आणि रडू नये म्हणून बिस्किट, ही लाच बंद करावी. जेवताना पडदा बंद असावा. श्लोक म्हणून एकत्र जेवणारे घर ही आपली जुनीच रीत आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलास नऊ ते बारा तास आणि त्यापुढच्यांस आठ ते दहा तास झोप हवी. जागरणाने भूक बिघडते, याविषयी आता शंका उरलेली नाही. आणि हे सर्व, पुन्हा सांगतो, आजोबांपासून धाकट्यापर्यंत सर्वांनी करावे.

वाढत्या वयाच्या बहुतेक मुलांचे वजन उतरविण्याची गरजच नसते. वजन आहे तेथे थोपवून धरले तर उंची वाढत जाऊन ते आपोआप बेताचे होते. म्हणून मोठ्यांचे वजन घटविण्याचे उपाय, चूर्णे आणि जाहिरातींतील पुड्या यांचा प्रयोग मुलांवर करू नये. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ५ ते १८ वर्षांच्या मुलामुलींसाठी वाढीचे तक्ते २०१५ साली नव्याने तयार केले. मोठ्या माणसाचे माप मुलास लावावयाचे नसते, त्याच्या वयाच्या व लिंगाच्या तक्त्यावरच ते पाहावयाचे असते. सरकारी शाळांत व अंगणवाड्यांत २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तपासणी होते. खासगी शाळेतील मुलांना त्यांच्या आईबापांनी सहा महिन्यांतून एकदा वैद्याकडे नेऊन उंची-वजन तक्त्यावर मांडून घ्यावे. मानेवर काळसर जाड कातडी येणे, झोपेत मोठ्याने घोरणे, किंवा वजन एकाएकी फार वाढणे अथवा घटणे, यांपैकी काही दिसले तर सहा महिने वाट पाहू नये.

मार्गशीर्षातील वेळ अमावस्या जवळ येत आहे. आपल्या या सीमाभागाचा तो खरा सण. कडब्याच्या खोपीत लक्ष्मी मांडावयाची, ताज्या तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे दाणे आणि रानातल्या पालेभाज्या घालून भज्जी करावयाची, बाजरीचे उंडे, मडक्यातील आंबील, आणि जेवण झाल्यावर दिवस मावळेपर्यंत लेकरांनी बांधावरून धावावयाचे. गावात राहणाऱ्यांना हे मिळते. बीदर व कलबुर्गी शहरांतील पुष्कळ सभासदांची शेते आता उरलेली नाहीत, आणि त्यांच्या मुलांनी भज्जी चाखलेलीही नाही. ज्या सभासदांची शेते गावाजवळ आहेत त्यांनी या वर्षी शहरातील एकेका कुटुंबास आपल्या खोपीवर बोलवावे, अशी आमची विनंती आहे. मुलांस वाहनाने बांधापर्यंत न नेता वेशीपासून चालवीत न्यावे, आंबिलीचे मडके आळीपाळीने त्यांच्याच हाती द्यावे, आणि येताना बाटल्या व पाकिटे आणू नयेत. बोलावणारे व येऊ इच्छिणारे या दोघांनीही आपली नावे अमावस्येपूर्वी आठ दिवस मंदिरातील पुजाऱ्यांकडे नोंदवावीत.